करांगसोनोच्या गोंगाला तडा कसा गेला

मी जावा बेटावरच्या करांगसोनो गावचा जुना गोंग आहे. नुसता जुना नाही, फुटकाही. आज मी भट्टीवाल्या सारोयोच्या अंगणात आंब्याखाली पडून आहे आणि उद्या सकाळी मला वितळवणार आहेत. म्हणून ही घाई, मित्रांनो. एरवी मी फार बोलणाऱ्यांतला नाही.

माझा जन्म अशाच एका भट्टीवर झाला. तांबं आणि कथील एकत्र वितळवून त्याची एक जाड भाकरी ओतली आणि मग सहा माणसांनी तीन आठवडे तिला झोडपलं. तापवायचं, घण घालायचे, फिरवायचं, पुन्हा तापवायचं. मार खात खात मी एवढा पसरलो, की उचलायला दोन गडी लागावेत. मधोमध फुगवटा आला, कडा मागे वळल्या. शेवटी मला टांगून म्हाताऱ्या भट्टीवाल्याने कापड गुंडाळलेल्या दांड्याने एक हलकी थाप दिली, आणि जमीन अशी हलली की अंगणातल्या कोंबड्या कुंपणापार पळाल्या. "हा तर धरणीकंप आहे रे!" म्हातारा म्हणाला. तेच माझं नाव झालं, क्याई लिंदू. लिंदू म्हणजे धरणीकंप, आणि क्याई आम्ही मानाच्या बुजुर्गाला म्हणतो. आमच्याकडे मोठ्या वाद्याला नाव असतं, मान असतो आणि दर गुरुवारी समोर फुलं असतात.

मी गावात आलो त्याच वर्षी उत्सव सुरू झाला. खरं म्हणजे माझ्यामुळेच झाला. मोठेपणा म्हणून सांगत नाही. बरं, थोडा मोठेपणा म्हणूनही सांगतो, आता कोण मला अडवणार! आसपासच्या आठ गावांत वाजवणारे पुष्कळ होते, एकापेक्षा एक गाणाऱ्या होत्या, पण मोठा गोंग एकाही गावाकडे नव्हता. आमचं वाजवणं फेरीफेरीने चालतं. लहान वाद्यं सारखी बडबडत असतात, ढोलकं त्यांना पुढे हाकतं, गाणारीचा आवाज वरून फिरत असतो, आणि फेरी पुरी झाली की गोंगाने एकदाच बोलायचं. तो बोलल्याशिवाय फेरी मिटत नाही. म्हणून भातं कापून झाली की आठही गावं दोन दिवस आमच्या मंडपात जमायची आणि आळीपाळीने माझ्यापुढे बसून वाजवायची.

मला वाजवायचा तो म्बाह क्रोमो. म्बाह म्हणजे आजोबा. पण क्रोमोला लोक तरुणपणापासूनच म्बाह म्हणायचे, कारण तो बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा. डोळे मिटलेले, मान छातीवर, आणि नेमका क्षण आला की हात उठायचा. तोही नेमक्या ठोक्यावर नव्हे, पापणी लवायला लागतो तेवढा उशिरा. तेवढ्या उशिरात सगळा मंडप श्वास धरून बसायचा. एकदा शहरातला कुणी शिकलेला पाहुणा म्हणाला, "तुमचा गोंगवाला मागे पडतोय." क्रोमोने डोळे न उघडता उत्तर दिलं, "मागे नाही पडत, साहेब. तुम्हाला घरी पोचवून मग दार लावतो." आठही गावं हसली.

सगळीच वर्षं अशी नव्हती. मधे दोन वर्षं उत्सव झालाच नाही. काही माणसांना सैनिकांनी गाड्यांतून नेलं. आमच्या ढोलकीवाल्यालाही नेलं. तो परत आला नाही, आणि त्याचं नाव पुढे कुणी मोठ्याने घेतलं नाही. गप्प बसायची सवय गावाला तेव्हा लागली असावी, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं.

आता जे सांगायचं आहे ते अडतीस वर्षांपूर्वीचं.

दार्सोनो तेव्हा पस्तिशीचा होता. नवा गावप्रमुख, आणि उत्सवाचाही प्रमुख. सगळे त्याला बापाक म्हणायचे, बाप म्हणून मान द्यावा तसं. माणूस वाईट नव्हता हे मी आधीच सांगून ठेवतो. धडपड्या होता, हौशी होता. उत्सवाच्या आदल्या दिवशी तालुक्याला एका कचेरीचं उद्घाटन होतं, तिथे त्याने मला मिरवायला नेलं. परत येताना पाहुण्यांसाठी पंचवीस खुर्च्या उसन्या घेऊन गाडीत भरल्या. त्या हलायला लागल्या. ड्रायव्हर म्हणाला, "बापाक, दोर कमी पडतोय."

"क्याईंचा सोड आणि खुर्च्यांना बांध. क्याई एवढे जड, ते कुठे जातायत!"

क्याई गेले. ओढ्यावरच्या पुलाशी गाडीला गचका बसला आणि मी मागून सुटून थेट दगडावर आदळलो, तोही काठावर. भर दुपार होती. रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. दार्सोनो धावत आला, गुडघे टेकून बसला आणि त्याने माझ्या काठावरून बोट फिरवलं. एक चेप, आणि त्या चेपापासून वर गेलेली केसाएवढी रेघ. मला वाजवून बघायची त्याची छाती झाली नाही. "उत्सव होऊन जाऊ दे," तो म्हणाला, "मग मी स्वतः सगळ्यांना सांगतो." ड्रायव्हरने मान डोलावली. तो ड्रायव्हर त्याच वर्षी शेती करायला सुमात्राला गेला, तो पुन्हा दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडपात चटईवर आडवा होतो, मला अजून टांगलं नव्हतं. वार्सिनी त्या दिवशी पहिल्यांदा गायला बसणार होती. एकोणीस वर्षांची पोर, क्रोमोची पुतणी. तिचा आवाज मी ओळखत होतो. क्रोमो तिला माझ्याशेजारी बसवूनच शिकवायचा. मित्रांनो, मी आठ गावांच्या गाणाऱ्या ऐकल्या आहेत. त्या पोरीने सूर लावला की मी टांगल्या जागी आपोआप गुणगुणायचो. कुणी हात न लावता. असं दुसऱ्या कुणाच्या गाण्याला मला कधी झालं नाही.

ती घाबरली होती. घट्ट नेसलेलं, केसांत मोगरा, आणि कुणीतरी तिच्या हातात वाजवणाऱ्यांसाठी चहाचं तबक दिलेलं. तबकामुळे तिला खालचं दिसेना. तिने पाऊल उचललं आणि ती मला ओलांडून पलीकडे गेली.

"अगं, अगं, अगं!" तीन बायका एकदम ओरडल्या.

वाद्य ओलांडायचं नसतं. वाकून वळसा घालायचा असतो. आमच्याकडे तीन वर्षांच्या पोरालाही हे सांगावं लागत नाही. वार्सिनी जागीच थिजली. क्रोमो म्हणाला, "घाबरू नको, न्दुक, पोरी माझे. फुलं आण, क्याईंची माफी माग, झालं." तिने फुलं आणली. माझ्यासमोर डोकं टेकून तिने माफी मागितली. तिचा श्वास मला काठावर जाणवत होता, अगदी त्या रेघेपाशी.

मग मला टांगलं. पहिली फेरी सुरू झाली. क्रोमोचा हात उठला, पापणीभर थांबला, आणि पडला.

मी जो आवाज काढला तो मलाच सहन झाला नाही. फुटक्या मडक्यावर काठी मारावी तसा. वाद्यं एकेक करत बंद पडली. आणि मंडपातली सगळी माणसं हळूहळू वळून वार्सिनीकडे बघायला लागली. आमच्याकडे कुणी आरडाओरडा करत नाही. बघतात, आणि मग बघायचं थांबवतात. ती उठली. केसांतला मोगरा काढून तिने चटईवर ठेवला आणि ती पायऱ्या उतरून निघून गेली.

दार्सोनो पुढच्या खुर्चीत बसला होता. त्याने तोंड उघडलेलं मी पाहिलं. आता सांगेल, मला वाटलं. त्याने तोंड मिटलं.

पुढे जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. क्रोमोने मला पांढऱ्या कापडात गुंडाळलं आणि म्हणाला, "क्याई रागावलेत. त्यांना निजू द्या." झालं! क्याई रागावलेत म्हटल्यावर कोण त्यांना उलटून-पालटून बघणार? दर गुरुवारी फुलं यायची, धूप यायचा, नवं कापडसुद्धा यायचं जुन्यावर गुंडाळायला. अडतीस वर्षांत माझी एवढी पूजा झाली, पण काठावरून हात फिरवून बघावं असं एकालाही सुचलं नाही. जो चेप आंधळ्याच्याही बोटाला लागला असता, तो फुलांखाली झाकून राहिला.

उत्सव तिथूनच उतरणीला लागला. पिंपाच्या पत्र्याचा एक गोंग करून आणला. त्याच्याविषयी मी काही बोलणार नाही. तो बिचारा पिंप होता आणि पिंपासारखाच बोलायचा. आठाची पाच गावं झाली, पाचाची तीन. मग लग्नांतून पेटीसारखी विजेची वाद्यं आली, कर्णे आले, आणि शेवटची दहाएक वर्षं मंडपात फक्त निवडणुकीच्या सभा व्हायच्या. या सगळ्याचा दोष गावाने मनातल्या मनात एकीच्याच नावावर टाकला. वार्सिनी बाजारात टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकायची. मंडपाजवळून जावं लागू नये म्हणून ती रोज ओढ्याच्या अंगाने लांबचा वळसा घ्यायची. तिचं लग्न झालं नाही. आणि सगळ्यात वाईट हे, मित्रांनो, की तिलाही तसंच वाटायचं. ती स्वतःच मानून बसली होती, की तडा तिच्या पायाने गेला.

वर्षातून एकदाच ती मंडपात यायची, लेबारानच्या, म्हणजे आमच्या ईदच्या, सकाळी. उपवासाचा महिना संपला की सारा गाव इथे जमतो. वडीलधारे ओळीने बसतात, धाकट्यांनी रांगेने पुढे जाऊन प्रत्येकाचे हात हातांत घ्यायचे आणि म्हणायचं, "कळत-नकळत जे काही चुकलं असेल, त्याची माफी असावी." वडील म्हणतात, "मलाही माफ कर." हात सोडायचे, पुढे जायचं. दर वर्षी वार्सिनी दार्सोनोपुढे यायची. दर वर्षी तो तिचे हात इतरांपेक्षा जरा जास्त वेळ धरायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचा, "मलाही माफ कर. सगळ्याची." आणि ती हसून म्हणायची, "तुम्ही काय चुकणार, बापाक!"

मी कापडाआडून हे अडतीस वेळा ऐकलं. मी गोंग आहे. माझ्या अंगावर कुणी दांडा टाकल्याशिवाय मला हूं की चूं करता येत नाही. तेव्हा मी किती जळलो ते तुम्हीच समजा.

यंदा शाळेतल्या रेत्नोबाईंनी मनावर घेतलं. क्रोमोची ही नात. तिला उत्सव पुन्हा उभा करायचा होता. तिने सारोयो भट्टीवाल्याला बोलावलं, मला वितळवून नवा गोंग घडवण्यासाठी. भर सकाळी, पंधरा-वीस माणसांसमोर त्याने माझी कापडं सोडली. एकावर एक नऊ निघाली. त्याने मला उलटा केला, काठावरून हात फिरवला आणि विचारलं, "कुठून पाडलात?"

"पाडला नाही हो," कुणीतरी म्हणालं, "एका मुलीने ओलांडला."

सारोयो मोठ्याने हसला. "ओलांडल्याने तडे जायला लागले तर माझ्या अंगणात एक गोंग धड राहायचा नाही. माझी कोंबडी दिवसातून सतरा वेळा ओलांडते! हा बघा चेप. दगडावर पडलाय, चांगला उंचावरून. तडा इथून निघून वर गेलाय. हे पायाचं काम नव्हे."

कुणीच हसलं नाही. दार्सोनो तिथेच होता. त्र्याहत्तर वर्षांचा, हातात चहाचा पेला. तो त्याने न पिताच खाली ठेवला. "जुनी गोष्ट," तो एवढंच म्हणाला आणि उठून गेला.

उपवासाच्या महिन्यात भट्टी पेटत नाही, म्हणून मी लेबारानपर्यंत तसाच मंडपात उघडा पडून राहिलो. एका दुपारी दार्सोनो एकटा आला. माझ्यासमोर बसला आणि हात जोडून म्हणाला, "क्याई, मला क्षमा करा." मला संताप आला. अरे, माझी कसली क्षमा मागतोस! मी धातू आहे, उद्या वितळेन, परवा नवा होईन. जिची मागायची ती ओढ्याच्या अंगाने टोपली घेऊन रोज चालत जाते. पण माझ्यावर दांडा टाकणारं कुणी नव्हतं, आणि तो तसाच घरी गेला.

लेबारानची सकाळ आली. रेत्नोबाईंनी सारोयोचं बोलणं वार्सिनीला केव्हाच सांगितलं होतं. ती रांगेत उभी होती, सत्तावन्न वर्षांची, पिकल्या केसांची. पहिल्या होत्या म्बाह सुपार्ती.

"कळत-नकळत जे चुकलं असेल, त्याची माफी असावी."

"मलाही माफ कर हं, न्दुक."

इथे हात सोडायचे असतात. वार्सिनीने सोडले नाहीत. तिने विचारलं, "कशाची, म्बाह?"

"कशाची म्हणजे? असंच गं, सगळ्याची."

"सगळ्याची नको. एक सांगा."

रांग अडली. मागून कुणी म्हणालं, "अगं चल पुढे, भात निवतोय!" म्हातारीने इकडे-तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तुझ्या कुंपणावरची केळी मी नेली होती. दोनदा."

मंडपात हशा पिकला. "दिली माफी," वार्सिनी म्हणाली आणि पुढे सरकली.

दुसरे म्बाह जोयो. ते खाली बघतच म्हणाले, "पाऊस आला नाही त्या वर्षी मी म्हणालो होतो, त्या पोरीला कापणीला बोलावू नका." या वेळी कुणी हसलं नाही. "दिली," ती म्हणाली.

तिसरी पोनिरा. ती आधीच रडत होती. "माझ्या भावाला तू पसंत होतीस. मी मोडलं ते. गोंग ओलांडणारी आमच्या घरात नको, म्हणाले."

वार्सिनी म्हणाली, "हे मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक नव्हतं म्हणूनच सांगितलं गं."

मग ती कशीबशी म्हणाली, "दिली."

ओळीच्या टोकाला दार्सोनो बसला होता. तो हे सगळं ऐकत होता. आपल्याकडे काय येतंय ते त्याला दिसत होतं. वार्सिनीने त्याचे हात हातांत घेतले आणि नेहमीचे शब्द म्हटले. त्यानेही नेहमीचे शब्द म्हटले. "मलाही माफ कर. सगळ्याची."

"कशाची, बापाक?"

मला वाटलं, पुन्हा तोंड मिटतो. पण तो खुर्चीवरून खाली उतरला, चटईवर, तिच्यापेक्षा खाली बसला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "क्याईंचा दोर मी सोडला. खुर्च्या बांधायला. ते पुलावर पडले. आदल्या दिवशीच तडा गेला होता. सगळे तुझ्याकडे बघत होते तेव्हा मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो. आधी घाबरून, मग लाजेने, आणि मग फार उशीर झाला म्हणून."

वार्सिनीने लहान मुलीसारखं विचारलं, "मग मी काही केलं नव्हतं?"

"नाही, न्दुक. काहीच नाही."

"मग मी त्या दिवशी गाऊ शकले असते."

तो म्हणाला, "दर वर्षी मी तुझी माफी मागत होतो."

"आणि दर वर्षी मी देत होते. कशाची ते तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून ती तुम्हाला पोचली नाही." तिने हात सोडवून घेतले, रागाने नव्हे, दमल्यासारखे. "आज पहिल्यांदा मागितलीत, बापाक. आता मला वेळ लागेल."

"किती?"

"काय सांगू! तुम्हाला अडतीस वर्षं लागली."

रेत्नोबाई पुढे आल्या, त्यांनी तिचा खांदा धरला. "मावशी, पुढच्या वर्षी उत्सवात तुम्ही गायचं. नवा गोंग आला की पहिलं गाणं तुमचं."

"आवाज कुठे उरलाय, बाई," वार्सिनी म्हणाली. "बाजारात टेम्पे, टेम्पे ओरडण्यात गेला तो."

मित्रांनो, मी दगडावर आदळलो तेव्हा मला एवढं दुखलं नव्हतं.

लोक भाताकडे वळले. ती मात्र वळली नाही. ती माझ्याकडे आली, अडतीस वर्षांत पहिल्यांदा. वाकली, तळहात माझ्या काठावर ठेवला आणि चेपावरून हळूहळू फिरवला. मग फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "क्याई, तुम्हाला तरी ठाऊक होतं ना?"

मी काय बोलणार!

उद्या माझं पाणी होईल आणि त्यातून दुसरा कुणी उभा राहील. तो तुमच्या हाती येईल. त्याला फुलं वाहा, जरूर वाहा, पण त्याआधी त्याचा दोर बघत जा, त्याला उलटा करून बघत जा, आणि तो बिघडला तर का बिघडला ते विचारत जा. आणि कधी तुमच्या हातून काही पडलं, फुटलं आणि लोक वळून भलत्याच कुणाकडे बघायला लागले, तर तिथल्या तिथे उभे राहा आणि काय झालं ते नाव घेऊन सांगा. मला ते जमलं नाही, कारण मला तोंड नाही. तुम्हाला आहे.